होलवाली डिस्क टाकू का, भाऊ?

गाडीला मोठे अलॉय बसले, एक्झॉस्ट बदलला, की पुढचा प्रश्न ठरलेला असतो. चाकाच्या आऱ्यांमधून आत बघितलं की ती साधी, करडी, कडेला गंजलेली ब्रेकची डिस्क, म्हणजे चाकासोबत फिरणारी चकती, दिसते आणि डोळ्यांना खुपते. मग नागपुरात कामठी रोडवरच्या एखाद्या गॅरेजात विचारणा होते, "भाऊ, होलवाली डिस्क टाकू का?" विचारणाऱ्याच्या मनात उत्तर आधीच 'हो' असतं, त्याला फक्त कोणाचा तरी दुजोरा हवा असतो.

माझं उत्तर बहुतेक वेळा 'नको' असतं. पण नुसतं नको म्हणून भागत नाही. समोरचा लगेच मोबाइल काढून पोर्शेचा फोटो दाखवतो, आणि त्या फोटोत भोकं असतातच. म्हणून जरा मुळापासून सांगतो.

डिस्कचं खरं काम

गाडी ब्रेक थांबवतो असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात रस्त्याला धरून गाडी थांबवतो तो टायर. ब्रेक नुसता चाकाला अडवतो, आणि त्या घासाघाशीत गाडीच्या वेगातली सगळी ऊर्जा उष्णता होऊन निघते. त्यातली थोडी पॅडमध्ये (डिस्कला दोन्ही बाजूंनी दाबणाऱ्या गुटक्यांमध्ये) जाते, बाकी जवळजवळ सगळी डिस्कमध्ये. डिस्क ती आधी पोटात घेते आणि मग सवडीने हवेला देते. त्यामुळे डिस्क निवडताना दोनच गोष्टी बघायच्या: तिचं पोट केवढं आहे, आणि ते किती लवकर रिकामं होतं.

थोडा हिशेब करू, नाहीतर बाकीचं सगळं ऐकीव राहील. चालवणाऱ्यासकट १२०० किलोची हॅचबॅक धरा. ताशी ५० किलोमीटरला तिच्यात साधारण ११६ किलोज्यूल ऊर्जा असते. १०० ला ४६३. वेग दुप्पट झाला की ऊर्जा चौपट होते. ब्रेक मारला की गाडीचा भार पुढे येतो, म्हणून सत्तर टक्के काम पुढचे ब्रेक करतात असं धरू. म्हणजे पुढच्या एकेका डिस्कच्या वाट्याला पस्तीस टक्के. डिस्क पाच किलोची असेल तर तिचं तापमान एका अंशाने वाढवायला अडीच किलोज्यूल लागतात. वर्धा रोडवर ५० ने चाललात, सिग्नल लागला आणि थांबलात, तर डिस्क तापेल जेमतेम १६ अंशांनी.

आता हीच गाडी ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर न्या. २०११ ते २०१३ अशी तीन वर्षं तिथे फॉर्म्युला वन झाली, २०२३ मध्ये मोटोजीपी झाली. एक फेरी पाच किलोमीटरहून थोडी जास्त, आणि मागची सरळ पट्टी एकटीच किलोमीटरभराहून लांब. त्या पट्टीच्या शेवटी १५० वरून ६० वर यायचं म्हटलं तर एका दमात ८७५ किलोज्यूल उतरवायचे. पुढच्या एका डिस्कच्या वाट्याला तीनशेच्या वर येतात, म्हणजे त्या एकाच ब्रेकला ती १२० अंशांनी तापली. ती निवते न निवते तोच पुढचं वळण आलेलं असतं. एका फेरीत असे चार-पाच जोरदार ब्रेक, आणि लागोपाठ सहा-सात फेऱ्या. शहरात शंभर-दीडशे अंशांत वावरणारी डिस्क तिथे पाचशेच्या पुढे जाते.

रस्त्यावर जोरदार ब्रेक एखादाच लागतो आणि त्यानंतर डिस्कला निवायला भरपूर वेळ मिळतो. समृद्धीवर १२० ने जाताना नीलगाय आडवी आली, तर तो एक ब्रेक कंपनीची कोणतीही धड डिस्क निभावते. कमी पडलाच तर टायर पडतो. याची खूण सोपी आहे. पूर्ण जोर लावल्यावर एबीएस (चाक अडकून घसरू न देणारी यंत्रणा) पायाखाली धडधडू लागला, म्हणजे ब्रेकमध्ये चाक अडवण्याइतकी ताकद आहे आणि संपली आहे ती टायरची पकड. त्या गाडीला याहून मोठी डिस्क लावली तरी ती फूटभरसुद्धा आधी थांबणार नाही. डिस्कचे पैसे टायरांत घातले तर थांबेल.

रस्त्यावर याला अपवाद घाटाचा. चिखलदरा १११८ मीटर उंचीवर आहे. परतवाड्याकडे येताना समजा ६०० मीटर उतरलात, माणसं आणि सामान धरून गाडीचं वजन १५०० किलो आहे, तर त्या उतारावर सुटणारी ऊर्जा ८८०० किलोज्यूलच्या घरात जाते. हीच गाडी १०० च्या वेगावरून पंधरा वेळा पूर्ण थांबवण्याइतकी! दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये उतरलात तर त्यातली बरीचशी इंजिन खातं. पेट्रोल वाचवायला न्यूट्रलमध्ये उतरणारे महाभाग ती सगळी डिस्कला खाऊ घालतात, आणि खाली येईस्तोवर पॅडचा जळका वास सुटतो. त्यांना कोणतीही डिस्क विकून उपयोग नाही.

आणि आपलं ऊन? मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे असतो, तेव्हा ब्रेक जास्त तापत असतील ना, असं नागपूरकर हमखास विचारतो. तापतात, पण नावाला. डिस्क किती झपाट्याने निवते हे तिच्या आणि हवेच्या तापमानातल्या फरकावर ठरतं. डिस्क ५०० वर असेल तर २० अंशांच्या हवेत हा फरक ४८० आणि आपल्या ४५ अंशांत ४५५. पाचेक टक्क्यांचा मामला. ऊन टायरला लागतं, इंजिनला लागतं, चालवणाऱ्याला तर लागतंच. डिस्कला मे आणि डिसेंबर जवळपास सारखेच. ब्रेकला आपल्याकडे नडतो तो पावसाळा. त्याचं ब्रेक ऑइलपाशी बोलू.

बीड

डिस्क बिडाची असते. घरात बिडाचा जाड तवा असेल तर त्याचा स्वभाव ओळखीचा असेल: तापायला वेळ घेतो, तापला की उष्णता धरून ठेवतो, आणि सणसणीत तापलेला असताना थंड पाण्याखाली धरला तर तडकतो. डिस्कचंही तेच. म्हणून समृद्धीवरून उतरून गाडी तशीच वॉशिंग सेंटरच्या रॅम्पवर चढवणं आणि तापलेल्या डिस्कवर प्रेशरचं पाणी मारू देणं बरं नव्हे. पंधरा-वीस मिनिटं चहा प्या, मग धुऊ द्या.

बिडातला कार्बन ग्राफाइटच्या बारीक पापुद्र्यांच्या रूपात असतो. हे पापुद्रे उष्णता भरभर आत पोचवतात आणि थरथर जिरवतात, त्यामुळे ब्रेक कमी किंचाळतो. 'हाय कार्बन' म्हणून मिळणाऱ्या डिस्कमध्ये त्यांचं प्रमाण जास्त असतं, आणि पुन्हा पुन्हा तापणं-निवणं ती अधिक चांगलं सोसते. पण याच पापुद्र्यांमुळे बीड ताणाला कच्चं असतं. दाबलं तर भक्कम, ओढलं तर चिरणार. भोकांचा सगळा वाद इथून सुरू होतो.

त्याआधी आतल्या पोकळीचं सांगायला हवं. हल्ली बहुतेक गाड्यांची पुढची डिस्क व्हेंटिलेटेड असते, म्हणजे दोन चकत्या आणि मधे त्यांना जोडणाऱ्या उभ्या पट्ट्या. चाक फिरलं की मधल्या भागातून हवा ओढली जाते आणि कडेने बाहेर फेकली जाते. साध्या डिस्कमध्ये या पट्ट्या सरळ असतात, म्हणून एकच डिस्क डाव्या-उजव्या दोन्ही चाकांना चालते. महागड्या डिस्कमध्ये त्या वळवलेल्या असतात, जास्त हवा खेचतात, आणि मग डावी डिस्क वेगळी, उजवी वेगळी.

इथे एक गडबड इतक्या वेळा होते की सांगून ठेवतो. डिस्कच्या तोंडावर चरे असले की फिटर ते चरे बघून डावी-उजवी ठरवतो. चरे कुठल्याही दिशेला असले तरी चालतात. बघायच्या त्या आतल्या पट्ट्या. डिस्कच्या कडेतून टॉर्च मारा, पट्टी कुठे वळली आहे ते दिसेल. गाडी पुढे जाताना पट्टीचं बाहेरचं टोक आतल्या टोकाच्या मागे राहायला हवं, तरच हवा बाहेर फेकली जाते. उलटी बसवली तर वळवलेल्या पट्ट्यांसाठी मोजलेले पैसे गेले.

भोकं, चरे आणि साधी

भोकं आली कुठून? जुन्या काळच्या पॅडमधला चिकट मसाला जोरात तापला की त्यातून वायू सुटायचा. पॅड आणि डिस्क यांच्यामध्ये त्याचा पातळ थर साचायचा आणि ब्रेक लागेनासा व्हायचा. भोकं पाडली की त्या वायूला वाट मिळायची. आताच्या पॅडमध्ये हा त्रास फारच कमी झाला आहे. भोकांची दोन कामं उरली: पावसात पाणी निघून जायला थोडी मदत, आणि दिसायला छान.

बदल्यात जातं ते काय? पहिलं, बीड. जिथे भोक आहे तिथे उष्णता साठवायला धातू नाही. दुसरं त्याहून वाईट. डिस्क तापली-निवली की पृष्ठभाग आधी फुगतो, आधी आक्रसतो, आत ओढाताण चालते, आणि ही ओढाताण भोकांच्या कडेला एकवटते. बीड ताणाला कच्चं, हे आत्ताच म्हटलं. ट्रॅकवर वापरलेली होलवाली डिस्क जवळून बघा. भोकाच्या काठापासून केसाएवढी रेघ निघालेली दिसेल, पुढच्या भोकाच्या रोखाने. नखाने चाचपलं तर आधी लागत नाही. चार-दोन सेशननंतर (सेशन म्हणजे ट्रॅकवरच्या लागोपाठ फेऱ्यांची एक खेप) नख अडकायला लागतं. दोन भोकांमधल्या रेघा एकमेकींना भेटल्या की त्या डिस्कचा भरवसा संपला.

मग पोर्शेचं काय? पोर्शेसारखी कंपनी भोकं कुठे पाडायची ते आतल्या पट्ट्या बघून ठरवते, काठ घासून गोल करते, आणि मुळात डिस्क एवढी मोठी देते की भोकांतून गेलेल्या धातूची फिकीर राहत नाही. एवढं करून, त्याच ९११ ची खास रेसिंगसाठी बनवलेली जीटी३ कप गाडी बघा. तिच्या डिस्कवर भोकं नसतात, चरे असतात. मोबाइलमधल्या फोटोला माझं हे उत्तर असतं.

आपल्या साध्या डिस्कला लेथवर भोकं पाडून देतो असं कोणी म्हणालं, तर हात जोडून निघा. त्याला आत पट्ट्या कुठे आहेत ते दिसत नसतं.

"पण बाइकच्या डिस्कला तर भोकंच भोकं असतात," हा पुढचा मुद्दा. असतात, कारण बाइकची डिस्क बिडाची नसून स्टेनलेस स्टीलची असते. स्टील ताण सोसतं. बाइकची डिस्क पातळ असते, उघड्यावर असते, थांबवायचं वजन कारच्या मानाने फार कमी, आणि पावसात तिच्यावर थेट पाणी उडतं. तिथली भोकं अंगाला शोभतात. कारला तोच न्याय लावता येत नाही.

चऱ्यांचं प्रकरण मधलं आहे. पॅडचा तापून गुळगुळीत झालेला, काचेसारखा थर चरे खरवडत राहतात, भुकटी आणि पाणी झाडून काढतात, त्यामुळे ट्रॅकवर ब्रेकची पकड एकसारखी राहते. धातू फारसा जात नाही, चिरांची भीती भोकांच्या मानाने बरीच कमी. किंमत म्हणून पॅड लवकर झिजतात आणि जोरात ब्रेक मारला की खालून घुर्रर असा आवाज येतो. काहींना तो आवडतो. घरच्यांना नाही आवडत.

साधी, गुळगुळीत डिस्क दिसायला कुरूप, पण त्याच मापात तिचं बीड सगळ्यात जास्त आणि किंमत सगळ्यात कमी. ट्रॅकवर डिस्क ही पॅडसारखी झिजून संपायचीच वस्तू आहे, हे एकदा मान्य केलं की साध्या डिस्कचं मोल कळतं: खराब झाली, बदलली.

वरच्या दर्जाचं थोडक्यात. टू-पीस फ्लोटिंग डिस्कमध्ये बाहेरचं कडं बिडाचं आणि मधली वाटी ॲल्युमिनियमची असते. तापलेल्या कड्याला पसरायला जागा राहते, त्यामुळे ते ताटलीसारखं एका बाजूला कलत नाही, आणि वजनही वाचतं. ट्रॅकवर वारंवार जाणाऱ्याला याचा उपयोग आहे. फक्त कडं बदलून वाटी पुन्हा वापरता येते. आपल्या रस्त्यांवर मात्र धूळ-चिखल बसून ती खुळखुळायला लागते. कार्बन-सिरॅमिक डिस्क हलकी असते, गंजत नाही, रस्त्यावर वर्षानुवर्षं टिकते, आणि तिच्या किमतीत चांगली जुनी गाडी येते. फॉर्म्युला वनमधली निखळ कार्बनची डिस्क तर थंड असताना धड ब्रेकच लावत नाही. सीताबर्डीच्या गर्दीत तिचं काय होईल ते सांगायला नको.

"डिस्क आउट झाली"

८०-१०० वर ब्रेक मारला की स्टीअरिंग हातात थरथरतं, पेडल पायाखाली धडकतं. गॅरेजचा निकाल ठरलेला: डिस्क आउट आहे, लेथवर मारून आणा. खरोखर वाकलेली डिस्क फार क्वचित सापडते. बहुतेक वेळा दोनांपैकी एक गोष्ट घडलेली असते.

पहिली अशी. डिस्क खूप तापलेली असताना गाडी थांबवून पेडल दाबून धरलं, तर पॅडचा मसाला त्या एका जागी डिस्कला चिकटतो. ती जागा मग प्रत्येक फेऱ्यात जास्त घासते, जास्त तापते. साडेसहाशे-सातशे अंशांच्या वर गेली तर तिथल्या बिडाची जात बदलते, ते कडक आणि ठिसूळ होतं. अशी डिस्क लेथवर मारली तरी कडक डाग उरतात आणि काही दिवसांत थरथर परत येते. म्हणून ट्रॅकवरून आत येताना शेवटची फेरी ब्रेक जवळजवळ न लावता काढायची, आणि पिटमध्ये हँडब्रेक ओढायचा नाही. गाडी गिअरमध्ये ठेवा, चाकाला लाकडी ठोकळा लावा.

दुसरी गोष्ट रोजच्या गाड्यांत जास्त दिसते. जुनी डिस्क काढल्यावर हबच्या, म्हणजे डिस्क आणि चाक ज्या भागावर बसतात त्याच्या, तोंडाकडे बघा. दोन पावसाळे खाल्लेल्या गाडीत बोल्टांभोवती गंजाची तपकिरी पापडी धरलेली असते, स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने टोकरली तर खपली निघते. त्या पापडीवर नवी डिस्क बसवली की ती मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाइतकी तिरपी बसते. डोळ्याला दिसत नाही. मात्र प्रत्येक फेऱ्यात एकाच ठिकाणी पॅडला हलकी घासत राहते, आणि काही हजार किलोमीटरांनंतर तिथे पातळ होते. थरथर तेव्हा सुरू होते, आणि बोल डिस्कच्या कंपनीला लागतो.

हब घासायला सांगितलं की फिटर म्हणतो, "काही नाही होत भाऊ, नट कसले का बसते आपोआप." नाही बसत. वायरब्रशने हब चकचकीत करून घ्या. डिस्क लावून नट कसा, डायल गेजची (बारीकसा फरकही काट्यावर दाखवणाऱ्या मापकाची) टोकणी डिस्कच्या काठापासून बोटभर आत टेकवा आणि हाताने सावकाश एक पूर्ण फेरा द्या. काटा ०.०५ मिलिमीटरच्या आत राहिला तर उत्तम, ०.१ च्या पुढे गेला तर सुटका नाही. तेव्हा डिस्क सोडून एका बोल्टाने पुढे सरकवून पुन्हा लावा. कित्येकदा तेवढ्यानेच काटा ताळ्यावर येतो. चाक लावताना एअर गनने एकेक नट खच्चून आवळू देऊ नका. समोरासमोरचे नट घेत, टॉर्क रेंचने, गाडीच्या मॅन्युअलमध्ये दिलेल्या आकड्यावर कसा.

आणि लेथ? डिस्कवर कुठेतरी किमान जाडी कोरलेली किंवा उठावात ओतलेली असते. लेथवर मारल्यावर जाडी त्याच्या खाली जाणार असेल तर विषय संपला. वर उरणार असेल तरीही, ट्रॅकवर जाणाऱ्याने विचार करावा: लेथ नेमकं तेच बीड काढून टाकतं ज्यासाठी आपण डिस्क घेतली.

डिस्क एकटी काही करत नाही

डिस्क बदलून ब्रेक 'सुधारले' म्हणणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांचा फायदा झालेला असतो तो डिस्कसोबत बदललेल्या पॅडमुळे. रस्त्याचा पॅड थंड असतानाच चावतो, आवाज करत नाही, पण साडेतीनशे-चारशे अंशांच्या पुढे हात टेकतो. पेडल घट्ट राहतं, पाय जीव खाऊन दाबतो, गाडी मात्र थांबत नाही. ट्रॅकचा पॅड याच्या उलट. तापल्यावर रंगात येतो, आणि सकाळी कॉलनीच्या पहिल्या वळणावर थंड असताना पोटात गोळा आणतो. शिवाय किंचाळतो, चाकं काळी करतो आणि थंडपणी डिस्क खरवडतो.

पेडल मऊ पडून तळाला गेलं तर दोष पॅडचा नाही, ब्रेक ऑइल उकळलं आहे. द्रव दाबला जात नाही, वाफेचे बुडबुडे दाबले जातात. डॉट ३ प्रतीचं नवं ऑइल किमान २०५ अंशांना उकळतं, डॉट ४ चं २३० आणि डॉट ५.१ चं २६०. पण ही ऑइलं हवेतलं पाणी शोषतात, अगदी रबरी नळ्यांमधूनही, आणि आपला पावसाळा त्यांना ते चार महिने पाजतो. ३.७ टक्के पाणी गेलं की हेच आकडे १४०, १५५ आणि १८० वर येतात. ट्रॅकवर हे तापमान कॅलिपर (ऑइलच्या दाबाने पॅड डिस्कवर दाबणारा भाग) सहज गाठतो. (डॉट ५ हे वेगळंच, सिलिकॉनचं ऑइल आहे. ५.१ समजून ते भरू नका, या बाकीच्यांत मिसळूही नका.) रोजच्या गाडीत दोन वर्षांनी आणि ट्रॅकवर जाण्याआधी न चुकता ब्रेक ऑइल बदलणं ही या सगळ्या लेखातली सर्वांत स्वस्त सुधारणा आहे, आणि तिचा फोटो कोणी काढत नाही.

मग घ्यायचं काय

नागपूरच्या माणसाची गोष्ट दिल्ली-चेन्नईवाल्यापेक्षा वेगळी आहे. बुद्ध सर्किट उत्तरेला हजारेक किलोमीटर, चेन्नईजवळ श्रीपेरुंबुदूरचं मद्रास इंटरनॅशनल सर्किट दक्षिणेला अकराशेच्या आसपास. बहुतेक जण गाडी चालवतच नेतात. म्हणजे ट्रॅकवर दिवसभरात शे-दीडशे किलोमीटर, आणि जाऊन-येऊन दोन हजार किलोमीटर महामार्ग. त्याच डिस्कवर परत घरी यायचं असतं. झाशीजवळ कुठेतरी तडकलेल्या डिस्कसाठी दुकान शोधत बसणं परवडणारं नाही. जाता जाता, गाडीच्या नेहमीच्या विम्यात रेसिंग आणि वेगाच्या चाचण्या धरत नाहीत, तेही पॉलिसी उघडून वाचा.

गाडी फक्त शहरात, समृद्धीवर आणि वर्षातून एकदा चिखलदरा-पचमढीला जाणार असेल, तर कंपनीच्या मापाची साधी डिस्क, बिल घेऊन. गंज डोळ्यांत खुपतो ना, मग मधली वाटी आणि कड यांवर गंजरोधक लेप असलेली घ्या; घासणाऱ्या तोंडावरचा लेप पहिल्याच दिवशी निघतो, तो तसा निघायचाच असतो. धुतल्यावर दुसऱ्या दिवशी तोंडावर येणारा भगवट गंज चार ब्रेकमध्ये जातो, त्याची चिंता नको.

वर्षातून एकदा-दोनदा ट्रॅकवर जाणार असाल, तर कंपनीच्याच मापाची हाय कार्बन व्हेंटिलेटेड डिस्क, साधी किंवा चऱ्यांची, आणि ट्रॅकसाठी वेगळ्या पॅडचा संच डिकीत. मात्र एका पॅडचा मसाला बसलेल्या डिस्कवर दुसऱ्या जातीचा पॅड लावला की दोघांचं जमायला वेळ लागतो, मधे थरथरही येते. जमलं तर ट्रॅकच्या पॅडसोबत डिस्कची जुनी जोडीही वेगळी ठेवा आणि दोन्ही एकत्रच बदला. डिस्कच्या दिशेने हवा नेणारी नळी पुढच्या बंपरमधून काढता आली, तर ती कोणत्याही भोकापेक्षा जास्त काम करते.

मोठ्या व्यासाची डिस्क तेव्हाच घ्या, जेव्हा हे सगळं करूनही सेशनच्या मध्यात ब्रेक मलूल होतो. तिच्यासोबत कॅलिपरची जागा बदलते, चाक आत बसेल का ते बघावं लागतं, आणि फक्त पुढेच बसवली तर पुढच्या-मागच्या ब्रेकचा कंपनीने जुळवलेला तोल जातो.

नवी डिस्क-पॅड बसवली की आउटर रिंग रोडवर पहाटे, मागे-पुढे कोणी नाही असं बघून, ६०-७० वरून १५-२० पर्यंत मध्यम जोराने आठ-दहा ब्रेक मारा. पूर्ण थांबायचं नाही. मग दहा-पंधरा मिनिटं ब्रेकला शक्यतो हात न लावता चालवत राहा. डिस्कवर पॅडचा एकसारखा निळसर-करडा थर दिसला पाहिजे, ठिपके नकोत.

ट्रॅकच्या प्रत्येक सेशननंतर डिस्क निवली की टॉर्च घेऊन दोन्ही तोंडं बघा. पृष्ठभागावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेघा दिसतील. त्या उष्णतेच्या असतात आणि नखाला लागत नाहीत तोवर चालतात. नख अडकलं, किंवा रेघ बाहेरच्या काठापर्यंत पोचली, तर त्या दिवशीचं ट्रॅकवर फिरणं तिथेच थांबवा आणि डिकीतली दुसरी जोडी लावून परतीला लागा. काढलेली डिस्क भंगारात द्या. कोणाच्या रोजच्या गाडीला चालेल म्हणून पुढे देऊ नका.